खेळांतील ध्वनि आणि ऐकणारा कान



या घटकेस आपण मला पाहत नाहीं, केवळ ऐकत आहां. तरीहि एवढ्या अवधींत माझ्या वयाचा, माझ्या शिक्षकी पेशाचा आणि कदाचित् माझ्या कोंकणी हेलाचाहि अंदाज आपण बांधला असेल. नभोवाणीचें सारें सामर्थ्य या एका गोष्टींत आहे. चित्र नसतांनाहि आवाज चित्र उभें करतो. आज मला याच्या उलट बाजूचा विचार आपणांपुढें मांडावयाचा आहे. चित्र तयार आहे, तें हलतें आहे, परंतु मुकें आहे. त्याला आवाज द्यावयाचा आहे, आणि तो देण्याचें काम माणसानें एका यंत्रावर सोंपविलें आहे. हें चित्र म्हणजे संगणकावरील खेळाचें दृश्य, आणि तें यंत्र म्हणजे ज्यास हल्लीं 'एआय एजंट' म्हणतात तें साधन.

'खेळ' हा शब्द कानीं पडतांच पुष्कळ घरांतून वडील माणसांच्या कपाळास आठ्या पडतील. मुलगा तासन् तास खेळ खेळत बसला म्हणजे त्याचा वेळ फुकट जातो, ही तक्रार खोटी नाहीं. परंतु खेळ खेळणें निराळें आणि खेळ घडविणें निराळें. जो मुलगा खेळ घडवितो त्याला चित्रकाराचें, गणित्याचें, कथेकऱ्याचें आणि वाजविणाऱ्याचें अशीं चार कामें एकदम करावीं लागतात. शिवाय हा उद्योग आतां सातासमुद्रांपलीकडचा राहिलेला नाहीं. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीनें केलेला 'राजी' हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध झाला आणि परदेशांतहि खेळला गेला. त्यांत राजी नांवाची मुलगी आपल्या हरवलेल्या भावाचा शोध घेत फिरते, आणि तिची कथा सांगणारे दोन आवाज आहेत ते दुर्गा आणि विष्णु यांचे. आपल्या पुराणांतील पात्रें ज्या खेळांत बोलूं लागलीं, त्या खेळांतील आवाजाकडे आपण कानाडोळा करावा हें बरें नव्हे.

चित्रास आवाज देणें ही कांहीं नवी विद्या नव्हे. सिंधुदुर्गांत कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गांव आहे. तेथील ठाकर समाजांतील कलावंत पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सादर करीत आले आहेत. रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं कागदावर रंगविलेलीं चित्रें असतात, आणि अशा चित्रांच्या एका गठ्ठ्यास पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढें धरतो आणि वाद्यांच्या साथीवर कथा गातो. चित्र जागचें हलत नाहीं. पण कोणत्या चित्राला किती वेळ थांबावयाचें, कोठें आवाज चढवावयाचा आणि कोठें वाद्य बंद ठेवावयाचें, हें कथेकऱ्यास ठाऊक असतें, म्हणून तें चित्र सजीव होतें. ही कला जतन करणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री देऊन सरकारनें त्यांचा गौरव केला.

पुढें पडद्यावरील चित्रें हलूं लागलीं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईंत दाखविला गेला, तेव्हां पडदा मुकाच होता. त्या काळीं पडद्याशेजारीं बसून पेटीवाले आणि तबलजी साथ करीत. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलूं लागला. दुसऱ्याच वर्षीं कोल्हापुरांत असलेल्या प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' काढून मराठी बोलपटाचा पाया घातला.

आवाज नवा आला म्हणजे तो जितका भरतां येईल तितका भरावा असा मोह होतो. या मोहास प्रभातच्याच एका चित्रपटानें दिलेलें उत्तर मला आजहि मोलाचें वाटतें. १९३७ सालीं शांतारामबापूंनीं 'कुंकू' काढला. त्यांत त्यांनीं पार्श्वसंगीत घेतलेंच नाहीं. दृश्यांत जी वस्तु वाजेल, जें माणूस बोलेल अगर गाईल, तेवढेंच प्रेक्षकांनीं ऐकावयाचें, असा नेम त्यांनीं पाळला. त्यामुळें वृद्ध नवऱ्याच्या घरांतील भिंतीवरचें जुनें घड्याळ एखाद्या पात्राइतकें बोलकें झालें. हा आवाज कोठून येतो, हा प्रश्न प्रत्येक ध्वनीस विचारण्याची शिस्त त्या चित्रपटांत आहे. मी आज जें सांगणार आहें त्याचें मूळ या प्रश्नांत आहे.

खेळाचें काम मात्र चित्रपटाहून अवघड आहे. चित्रपटांत बाराव्या मिनिटास दार वाजावयाचें असेल तर तें कोणत्याहि गांवीं, कोणत्याहि खेळास बाराव्या मिनिटासच वाजणार. संगणकावरील खेळांत दाराशीं केव्हां जावयाचें हें खेळणारा ठरवितो. एखादा मूल धांवत जाईल, दुसरें वाटेंत फुलपाखराच्या मागें लागेल, तिसरें दाराकडे फिरकणारहि नाहीं. म्हणून खेळांतील आवाज घड्याळाच्या कांट्यास बांधतां येत नाहीं. तो एखाद्या जागेशीं, वस्तूशीं अगर घटनेशीं बांधून ठेवावा लागतो, आणि खेळणारा तेथें येईपर्यंत तो दबा धरून बसतो. १९७८ सालीं जपानांत निघालेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ या बाबतींत प्रसिद्ध आहे. त्यांत खर्जांतले चार स्वर पुन्हां पुन्हां वाजत, आणि शत्रूच्या रांगांचा वेग वाढूं लागला कीं त्या स्वरांची लयहि वाढे. खेळणाऱ्याच्या छातीची धडधड वाढविण्यास तेवढे चार स्वर पुरेसे होत.

आतां हें काम होतें कसें तें थोडक्यांत सांगतों. खेळ घडविण्याचीं अनेक साधनें आहेत. त्यांपैकीं 'गोडो' हें एक विनामूल्य साधन आहे. अर्जेंटिनांतील दोघांनीं तें रचलें आणि २०१४ सालापासून तें सर्वांस खुलें आहे. त्यांत प्रत्येक दृश्य वंशावळीसारखें मांडलेलें असतें. अंगण हा मूळ पुरुष मानला, तर घर हें त्याचें अपत्य, घराचें दार हें घराचें अपत्य आणि दाराची कडी हें दाराचें. या प्रत्येक नांवास 'नोड' म्हणतात. ध्वनीसाठींहि वेगळा नोड असतो आणि त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला सर्वत्र सारखा ऐकूं येतो, तो संगीतासाठीं किंवा निवेदनासाठीं. दुसरा सपाट चित्रांच्या खेळासाठीं, आणि तिसरा लांबी, रुंदी व खोली असलेल्या खेळासाठीं. या दोहोंत अंतराप्रमाणें आवाज लहानमोठा होतो आणि तो डावीकडून येतो कीं उजवीकडून, हेंहि कळतें.

यामागें निसर्गाचा साधा हिशेब आहे. मोकळ्या जागेंत एका ठिकाणाहून निघणाऱ्या आवाजापासून आपण दुप्पट दूर गेलों म्हणजे त्याची पातळी सुमारें ६ डेसिबलनें उतरते. हवेंत आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर यावयास त्याला जवळजवळ ३ सेकंद लागतात. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजांतील तीव्र स्वर गाळले जातात आणि मंद्र स्वर तेवढे आंत झिरपतात. शेजारच्या लग्नांतील सनई ऐकूं येत नाहीं पण ढोल उशाशीं वाजल्यासारखा वाटतो, तो याच कारणानें. खेळांत हें आपोआप होत नाहीं. तें कोणीतरी मुद्दाम मांडावें लागतें.

येथें आपल्या मुखत्याराचा प्रवेश होतो. 'एजंट' या शब्दास मी मुखत्यार म्हणतों, कारण केवळ प्रश्नास उत्तर देणारें यंत्र निराळें आणि आपल्या वतीनें काम उरकणारा मुखत्यार निराळा. आपण त्यास साध्या भाषेंत लिहून कळवावयाचें: 'या दृश्यांत पाऊस पडूं दे, आणि मुलगा दाराशीं आला कीं कडी वाजूं दे.' तो दृश्याची वंशावळ वाचतो. योग्य जागीं ध्वनीचा नोड जोडतो, त्यास ध्वनीची फाईल लावतो आणि पातळी डेसिबलमध्यें ठरवितो. मुलाचें पाऊल विशिष्ट जागेंत पडतांच कडी वाजावी एवढ्यापुरता लहानसा प्रोग्रॅमहि लिहितो. मग खेळ चालवितो, आणि यंत्रानें तक्रार केली तर ती वाचून दुरुस्ती करतो. असा मुखत्यार निरनिराळ्या साधनांशीं जोडतां यावा म्हणून 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नांवाचा एक सामाईक संकेत अँथ्रॉपिक या कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केला. कोणत्याहि दिव्याची पिन भिंतींतल्या कोणत्याहि खोबणींत बसावी, तशी ही सोय आहे.

आमच्या पनवेलींत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकतो. त्यानें परीक्षेसाठीं असा एक खेळ रचला आहे. पावसाळ्यांतली संध्याकाळ आहे, वीज गेली आहे, आणि शाळेंतून परतणारें एक मूल आपलें घर शोधीत येत आहे. दिवे नसल्यामुळें त्यानें पुष्कळदां आवाजावरूनच वाट ओळखावयाची, ही त्यांतली खुबी. मुलानें चित्रें स्वतः काढलीं होतीं. ध्वनि मात्र सगळे मुखत्याराकडून, ध्वनींच्या तयार भांडारांतून निवडून बसवून घेतले होते. एका दुपारीं सारें काम झालें, असें तो मला मोठ्या कौतुकानें सांगत होता. वडिलांनीं त्यास मला तो खेळ दाखविण्यास सांगितलें होतें.

मीं म्हटलें, "अरे, तूं खेळ, मी डोळे मिटून ऐकतों."

"डोळे मिटून, आजोबा? मग दिसणार काय?"

"दिसावयाचें तें ऐकण्यांतूनच दिसलें पाहिजे. वीज गेलीय ना तुझ्या गांवांत?"

तो हंसला आणि त्यानें खेळ सुरू केला. प्रथम पाऊस आला. आवाज स्वच्छ होता, कोठें अडखळत नव्हता. मूल झाडाखालीं गेलें, मोकळ्या रस्त्यावर आलें, मग पत्र्याच्या पडवींत शिरलें, पण पाऊस आपला सगळीकडे एकसारखाच. श्रोतेहो, आपण कोंकणचीं माणसें. पत्र्यावरचा पाऊस, कौलांवरचा पाऊस, आळवाच्या पानांवरचा आणि छत्रीवरचा पाऊस हे आम्हांला चार निरनिराळे आवाज आहेत. मग वीज चमकली, आणि त्याच क्षणीं गडगडाट झाला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाहि तसेंच. वीज आणि गडगडाट एकदम आले म्हणजे वीज डोक्यावरच पडली असा त्याचा अर्थ. त्या बिचाऱ्या मुलावर पांच मिनिटांत तीनदां वीज कोसळली होती! चिखलांतलीं पावलें प्रत्येक वेळीं तंतोतंत तींच वाजत होतीं, जणूं कोणी टंकलेखन करीत होतें. आणि देवळापाशीं पोहोंचल्यावर जी घंटा वाजली ती उंच मनोऱ्यांतली, दोरीनें ओढावयाची घंटा होती. आपल्या सभामंडपांत हात उंचावून वाजवितां येईल अशी ती नव्हे.

मीं हें एकेक सांगितलें तेव्हां तो मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "पण आजोबा, मुखत्यारानें एकहि चूक दाखविली नाहीं. सगळ्या तपासण्या बरोबर निघाल्या."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, आणि विचार करण्यासारखें आहे तें हेंच. यंत्रानें तपासलें तें इतकेंच कीं फाईल सांपडली, नोड जोडला गेला, वाजविण्याचा हुकूम सुटला आणि कोठें अडथळा आला नाहीं. त्याच्या हिशेबीं काम पुरें होतें. 'वीज चमकतांच गडगडाट कर' असें सांगितलें, त्यानें तसें केलें. 'देवळाची घंटा' मागितली, भांडारांत त्या नांवाशीं जुळणारी जी पहिली मिळाली ती आणली. आज्ञापालनांत कसूर नाहीं. आज्ञा देणाराच नीट ऐकत नसेल, तर पाळणाऱ्यानें कोठून ऐकावें? कांहीं यंत्रांस आतां ध्वनीचें पृथक्करण करून 'हा पाऊस आहे, ही घंटा आहे' असें सांगतां येतें, हें मला मान्य आहे. परंतु हा पाऊस आमच्या आळींतील पडवीवरचा वाटतो कीं नाहीं, याचा निर्णय त्या पडवींत जो उभा राहिला आहे त्यानेंच द्यावयाचा असतो.

त्यानंतर त्या मुलानें जें केलें तें मला फार आवडलें. त्यानें आपला मोबाइल घेतला आणि आठ-दहा दिवस गांव पालथा घातला. पत्र्याखालीं, कौलांखालीं आणि छत्रींत त्यानें पाऊस टिपला. वडाळे तलावाच्या कांठीं बेडूक टिपले. स्वतःच चिखलांत चालून वीस-पंचवीस पावलें टिपलीं. देवळांत दुपारच्या वेळीं, गुरवाची परवानगी घेऊन, घंटा टिपली. एका पहाटे कर्नाळ्याच्या अभयारण्यांत जाऊन पक्ष्यांचे आवाजहि आणले. मग त्यानें कागदावर एक तक्ता केला, आणि तो तक्ता मुखत्यारापुढें ठेवला.

आतां त्या यंत्राची खरी करामत दिसली. पडवीची हद्द आंखून, मूल आंत येतांच मोकळ्यावरचा पाऊस हळूहळू उतरावा, त्यांतले तीव्र स्वर गाळले जावे आणि पत्र्यावरचा पाऊस चढावा, अशी योजना त्यानें केली. विजेनंतर दीड सेकंदापासून सहा सेकंदांपर्यंत कधींहि गडगडाट यावा, आणि जितका उशीर तितका तो मंद असावा, हें गणित मांडलें. पावलांचे निरनिराळे तुकडे आळीपाळीनें, किंचित् स्वर बदलून वाजतील असें केलें. हींच कामें हातानें करावयाचीं तर त्या मुलाचे कित्येक दिवस गेले असते, आणि कदाचित् कंटाळून त्यानें तीं सोडूनहि दिलीं असतीं. म्हणून मी या साधनाचा शत्रु नाहीं. हातकाम त्यानें करावें, त्यांत त्याचा हात धरणारा कोणी नाहीं. ऐकण्याचें काम मात्र आपण त्याच्या गळ्यांत घालूं नये, एवढाच माझा आग्रह आहे.

ज्या घरांतून मुलें असे प्रयोग करीत असतील त्या घरांकरितां तो तक्ता कसा करावा हें सांगतों. प्रत्येक ध्वनीपुढें पांच प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. हा आवाज कोठून येतो? तो केव्हां सुरू होतो आणि केव्हां थांबतो? जवळून आणि दुरून तो कसा ऐकूं येतो? तो पुन्हां पुन्हां वाजणार असेल तर प्रत्येक वेळीं तोच चालेल काय? आणि शेवटचा प्रश्न, तो नसला तर कांहीं बिघडेल काय? या शेवटच्या प्रश्नास 'कांहीं नाहीं' असें उत्तर आलें तर तो ध्वनि निःशंकपणें काढून टाकावा. शांतता हाहि दृश्याचा एक भाग आहे, हें 'कुंकू' चित्रपटानें मराठी माणसास कधींच दाखवून दिलें आहे.

कांहीं व्यावहारिक गोष्टीहि ध्यानांत ठेवाव्या. पावसासारखा अखंड वाजणारा ध्वनि टिपला कीं त्याचा शेवट आणि आरंभ इतका बेमालूम जोडावा कीं सांधा कळूं नये. नाहींतर दर अर्ध्या मिनिटास 'टक्' असा आवाज येऊन सारा आभास मोडतो. संगीत, निवेदन आणि इतर ध्वनि यांचे प्रवाह वेगवेगळे ठेवावे, म्हणजे एकाची पातळी उतरवितांना दुसरा दबत नाहीं. सगळेच आवाज वरच्या पट्टींत ठेवले तर त्यांची बेरीज यंत्राच्या मर्यादेबाहेर जाते आणि ध्वनि फाटतो. आणि दुसऱ्याचा ध्वनि उचलतांना त्याच्या वापराची अट वाचावी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षें राहतो. भांडारांत फुकट मिळालेली प्रत्येक वस्तु बेवारशी नसते. मुखत्यारानें आणून दिली तरी जबाबदारी आपलीच राहते.

यावर कोणी विचारील कीं, ध्वनि जुळविण्यावर ज्यांचें पोट आहे त्यांचें काय? हा प्रश्न टाळतां येण्यासारखा नाहीं. प्रभातचा पुण्यांतील स्टुडिओ ज्या जागीं होता त्याच जागीं १९६० सालीं फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, आणि तेथें आजहि ध्वनीचें स्वतंत्र शिक्षण दिलें जातें. तेथून आणि अन्य ठिकाणांहून शिकून बाहेर पडणारीं मुलें या धंद्यांत येतात. ज्या कामांत केवळ फाईल उचलून जागेवर ठेवावयाची असते, तें काम यंत्राकडे जाणार हें उघड आहे, आणि त्याची झळ कांहीं घरांस लागेल. खोटा दिलासा देणें शिक्षकास शोभत नाहीं. मी एवढेंच म्हणेन कीं, मुलांस हा धंदा शिकवावयाचा असेल तर फाईल ठेवण्यापेक्षां कान तयार करण्यावर अधिक भर द्यावा.

माझी खरी काळजी याहून थोडी निराळी आहे. तयार भांडारांतील कितीतरी ध्वनि दूरदेशीं टिपलेले असतात. तेथील पाऊस, तेथील पक्षी, तेथील घंटा. ते ध्वनि वाईट नाहींत, पण ते आपले नाहींत. आपलीं मुलें जे खेळ खेळतील त्यांतून तेच आवाज रोज कानांवर पडत राहिले, तर तांबट पक्ष्याचा भर दुपारचा 'टुक् टुक्' ऐकून मुलगा विचारील, हें काय वाजतें आहे? आणि आवाज कांहीं कोणासाठीं थांबत नाहींत. आमच्याच तालुक्यांत नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्यें झालें आणि त्याच डिसेंबरांत विमानांची ये-जा सुरू झाली. पनवेलच्या आकाशाचा आवाज बदलला. त्याबद्दल मी रडत नाहीं, गांव वाढावयाचेंच. पण कौलांवर पडणारा पाऊस टिपून ठेवावयाचा असेल तर कौलें आहेत तोंवरच टिपला पाहिजे. गांवांतील कौलारू घरें दर वर्षीं कमी होत आहेत.

शाळेंत मीं चौतीस वर्षें मुलांस वाचन शिकविलें. पुस्तक समोर असतांनाहि जो मुलगा स्वतःचें वाचन स्वतः ऐकत नसे, त्याचे उच्चार कधीं सुधारत नसत, आणि जो ऐकूं लागे त्याला मला फारसें शिकवावें लागत नसे. या नव्या विद्येंतहि मला तोच धडा दिसतो. आपल्या घरांतील मूल जेव्हां आपण घडविलेला खेळ कौतुकानें दाखवावयास येईल तेव्हां त्यास 'अभ्यास कर' म्हणून परत पाठवूं नका. पांच मिनिटें त्याच्याजवळ बसा, डोळे मिटा, आणि काय काय ऐकूं आलें तें त्यास सांगा. पुढचें तें मूल आणि त्याचा मुखत्यार पाहून घेतील.